ढीग गार पडेपर्यंत

सासू अंथरुणाला खिळली, तसा परसातला खताचा ढीगही बसत गेला. कोंबड्यांनी तो उकरला, पावसानं धुऊन नेला, आणि पावसाच्या शेवटी ती गेली तेव्हा त्या कोपऱ्यात नुसता एक काळा डाग उरला होता.

घर रोपांवर चालायचं. परसात वाफे, वाफ्यांत कोबी, वांगी, मिरची, टोमॅटो यांची बोटभर रोपं. सासूचा थोरला मुलगा ती टोपल्यांत रचून सायकलवरून मळ्यामळ्यांवर पोचवायचा. म्हातारीची रोपं म्हटली की मळेवाले न बघता घ्यायचे. त्या वर्षी ढीग नाही म्हणून थोरल्यानं खत बाहेरून आणलं. ते कच्चं निघालं. रोपांची पानं कडेनं जळली, मुळं काळी पडली, आणि ज्यांनी ती लावली त्यांच्या सऱ्या रिकाम्या राहिल्या. भांडायला कुणी आलं नाही. पुढच्या खेपेला "बघू, सांगतो" एवढंच म्हणाले.

"भांडले असते तर बरं झालं असतं," थोरला जेवता जेवता म्हणाला.

धाकटा ट्रक चालवायचा. बहुतेक दिवस रस्त्यावर, मधेच एखादा घरी. तो म्हणाला, "तो कोपरा तर मोकळाच आहे आता. पत्रे टाकतो आणि ट्रक आत घेतो. मागे बॅटरी चोरीला गेली, उद्या चाकं जातील."

"ट्रक आत यायचा तर वाफ्यांवरून येणार."

"वाफ्यांत आहे काय, दादा? आई होती तोवर होतं."

थोरला पाणी प्यायला. त्याला उत्तर सुचलं नाही की तो नेहमी पाणी प्यायचा. त्याची बायको मोरीपाशी भांडी घासत होती. घरात तिला सगळे थोरलीच म्हणायचे. तिनं मान न वळवता म्हटलं, "उन्हाळी पेरणीपर्यंत थांबा, भावोजी. खत मी करते."

धाकटा हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "वहिनी, आईनं तुला कधी त्या ढिगाला हात लावू दिला होता का?"

ते खरंच होतं. सासूनं तिला स्वैपाकघर दिलं, दुखण्याखुपण्यात जवळ घेतलं, पण ढिगाकडे फिरकू दिलं नाही. "त्याचं मी बघते," एवढंच म्हणायची. थोरलीला जे काही माहीत होतं ते मोरीवरच्या खिडकीतून बघितलेलं. पालथ्या बादलीवर बसून म्हातारी भाजी निवडायची, साली तिथल्या तिथं ढिगात टाकायची. अधूनमधून चार दातांचा पंजा घेऊन ढीग उलथायची, मूठभर उचलून नाकाशी धरायची. कधी मान हलवायची, कधी तोंड वाकडं करायची. काय समजल्यावर मान हलायची, ते खिडकीतून कळायचं नाही.

"पेरणीपर्यंत," धाकटा उठत म्हणाला. "मग मी पत्रे आणणार."

मामंजी, म्हणजे थोरलीचे सासरे, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते. बायको गेल्यापासून ते विचारल्याशिवाय बोलतच नसत, आणि विचारलं तरी "हो" किंवा "असू दे".

*

थोरलीनं पहिला ढीग घातला तो नुसत्या ओल्याचा. बटाट्याच्या साली, कोबीची बाहेरची पानं, खराब टोमॅटो, उपटलेलं तण. आठवड्यातच त्यातून काळं पाणी सुटलं आणि वास परसात मावेना. शेजारच्या शिंपिणीनं नाकाला कापडाचा तुकडा लावून भिंतीवरून डोकावून बघितलं.

"अगं, तुमच्या ढिगापायी माझी गिऱ्हाइकं मापं न देताच पळतात."

"दोन दिवस सोसा, काकू."

"मी सोसते. पण तुझी सासू होती तेव्हा कधी नाक धरावं लागलं नाही बाई मला."

हे दुसरं वाक्य थोरलीला वासापेक्षा जास्त लागलं.

तिनं मूठभर चिखल घेऊन पिळला. बोटांमधून पाणी गळलं. म्हातारी पिळायची तेव्हा गळत नव्हतं, हे तिला आठवलं. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहायचा आणि अंगठ्यानं दाबला की फुटायचा. पिळून वाळत घातलेल्या कपड्याइतकाच ओलावा हवा. मग ती कोरडं शोधत हिंडली. रस्त्याकडेचा पाचोळा पोत्यांत भरून आणला, सुताराकडून भुसा आणला, जुनी खोकी फाडली. कुजलेलं सगळं बाहेर ओढून पुन्हा थर घातले, ओल्यावर कोरडं, कोरड्यावर ओलं, कमरेइतकं उंच. तळहातांना फोड आले, फुटले, त्यांची जागा टणक झाली. खांद्यात रात्री अशी कळ यायची की कूस बदलताना थोरला जागा व्हायचा.

"पुरे कर," तो म्हणायचा.

"मग ट्रक उशाशी घेऊन झोपा."

थंडी पडली. एका सकाळी ती पाण्याला बाहेर आली आणि थबकली. वाफ्यांवर पांढरं दव गोठलं होतं, भिंत ओली काळी होती, आणि ढिगाच्या माथ्यातून वाफ निघत होती. संथ, जरा थांबून, पुन्हा. झोपलेल्या माणसाच्या तोंडातून निघावी तशी.

तिनं हात घातला आणि चटकन काढला. आत पोळत होतं.

मागे चप्पल वाजली. मामंजी शाल गुंडाळून उभे होते. ते पुढे आले, ढिगाशी वाकले, आणि हात मनगटापर्यंत आत घातला. त्यांनी तो काढला नाही. बराच वेळ तसेच वाकून राहिले. त्यांचे हात गेले काही महिने कायम गार असत. चहाचा पेला घेताना त्यांचं बोट लागलं की थोरली दचकायची.

"गरम आहे," ते म्हणाले.

न विचारता बोललेले ते पहिले शब्द. थोरलीचा जीव भांड्यात पडला. वाटलं, चला, ढीगही तापायला लागला आणि म्हातारेबुवाही बोलायला लागले.

*

मग ढिगावर एक खळगा दिसायला लागला.

पहिल्यांदा तिला वाटलं, कोंबडी बसली असेल. पण कोंबड्या आता खुराड्यात कोंडलेल्या असत. ढिगाच्या खिडकीकडच्या उतारावर एक बसका खळगा पडलेला असायचा, माणूस टेकावा एवढा, आणि शेजारी हाताच्या खुणेसारखं काहीतरी. पाच बोटं नीट मोजता यावीत असं नाही, पण दुसरं काय म्हणावं तेही सुचू नये असं. ती तो पंज्यानं सारखा करायची. दुसऱ्या दिवशी तो तिथंच, तसाच. म्हातारी ज्या बाजूला बादली मांडून बसायची तीच बाजू.

पालथी बादली तिथंच होती. तिच्यावर दव असायचं, म्हणजे तिच्यावर कुणी बसत नव्हतं.

एकदा ढीग उलथताना पंज्याच्या दातांना काहीतरी अडकलं. तिनं ओढलं, तर ते येतच राहिलं. लांब, पांढरा केस. त्याच्यामागे आणखी. म्हातारीचे केस शेवटपर्यंत कमरेखाली होते. आजारपणात थोरलीच ते विंचरायची. पंजा तिथंच टाकून ती घरात गेली आणि कोनाड्यातली फणी बघितली. सासू गेल्यापासून त्या फणीला कुणी हात लावला नव्हता, दातांत केसांचा गुंता तसाच होता. आता फणी स्वच्छ होती. एक केसही नाही. कुणीतरी डोकं विंचरून, फणी पुसून, जागेवर ठेवून गेल्यासारखी.

तिनं थोरल्याला सांगितलं नाही. तो पाणी प्यायला असता. शिंपिणीला सांगितलं, अर्धंच.

"जीव अडकला असेल बाई तिचा," शिंपीण सुईत दोरा ओवत म्हणाली. "माझी चुलती गेली तर वर्षभर शिलाईचं मशीन आपोआप चालायचं."

"खरंच?"

"मग नंतर कळलं, मांजर मशीनच्या पायडलवर झोपायचं. पण वर्षभर आम्ही घाबरलो ते काही खोटं नव्हतं."

थोरली हसली, पण दिवे लागल्यावर परसात जायचं तिनं सोडलं. ढिगाला पाठ करून वाफ्यांत काम करताना तिला मानेवर कुणीतरी बघत असल्यासारखं व्हायचं. उलथायला पंजा उचलला की वाटायचं, आत्ता आवाज येईल, त्याचं मी बघते. तिनं मनातल्या मनात सांगूनही बघितलं, आत्याबाई, तुमचंच घर वाचवतेय. ढीग वाफ सोडत राहिला.

आणि तो निवेना, ही दुसरीच गोष्ट. थोरलीला एवढं कळलं होतं की ढीग तापतो, आतलं खातो, खाऊन झालं की शांत होतो, आणि मग खत तयार. पण हा ताप उतरतच नव्हता. वरचे थर काळे व्हायचे, आत पंजा घालावा तर पुन्हा हिरवी पानं, नुसती चुरगळलेली. तीन-चार आठवडे ती वाट बघत राहिली. मग ढिगातलं थोडं काळं घेऊन एका फुटक्या डब्यात भरलं आणि त्यात कोबीचं बी टाकलं. बी उगवलं. दोन पानं उघडली, पिवळी पडली, आणि मान टाकून आडवी झाली. बाहेरून आणलेल्या त्या खतासारखीच.

धाकटा घरी आला होता. त्यानं डबा उचलून बघितला आणि अलगद खाली ठेवला. काही टोमणा मारला असता तर तिला चाललं असतं.

"वहिनी, ठरल्याप्रमाणे पेरणीला मी पत्रे घेऊन येतो," तो म्हणाला. "दादाला तू सांगतेस की मी सांगू?"

मग तो दोरी घेऊन परसात गेला आणि कोपरा मापायला लागला. दोरीचं एक टोक त्यानं ढिगात खोचलेल्या काठीला बांधलं. खिडकीतून थोरलीला मामंजी दिसले. ते उठले, काठीपाशी गेले, आणि दोरीची गाठ सोडून टाकली. धाकट्यानं पुन्हा बांधली. त्यांनी पुन्हा सोडली.

"आबा, काय चाललंय तुमचं?"

"असू दे," मामंजी म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी थोरली उजाडायच्या आधी उठली. भीती होतीच, पण आता भीतीपेक्षा राग जास्त होता. जे काही असेल त्याला एकदा समोरून बघायचं, एवढंच तिनं ठरवलं. दिवा न लावता ती मोरीवरच्या खिडकीशी उभी राहिली.

दार करकरलं. शाल गुंडाळलेली आकृती परसात आली. हातात घमेलं होतं. घमेल्यात पाण्याच्या चारीच्या कडेचं ओलं गवत, वर कोबीची पानं. आकृतीनं ढिगाच्या माथ्यावर हातानं जागा केली, गवत आत कोंबलं, वरून सारखं केलं. मग कालचा उरलेला चहा पेल्यातून त्यावर ओतला. मग उतारावरच्या खळग्यात सावकाश टेकली, शाल गुडघ्यांवर घेतली, आणि एक हात कोपरापर्यंत ढिगात घातला.

मामंजी.

"पानं कवळी आहेत," ते बोलत होते. "थोरलीनं काल पुन्हा सगळं उसवलं. रागावू नकोस. तिला ठाऊक नाही."

थोरली खिडकीशी उभी राहिली. तिला वाटलं होतं, उलगडा झाला की भीती जाईल. ती गेली नाही, फक्त तिनं जागा बदलली. मग ती बाहेर गेली. मामंजी दचकले नाहीत.

"चहा झाला?" त्यांनी विचारलं.

"ठेवते. मामंजी, कधीपासून घालताय हे?"

"एकदा हात लावला तर कोमट लागला. मग घातलं थोडं. लागला पुन्हा तापायला."

"आणि केस?"

"फणीत होते. तिथं नुसते वाळत होते."

ती समोर उकिडवी बसली. गार जमिनीतून थंडी तळपायांत चढत होती. "ढीग गार पडल्याशिवाय खत होत नाही, मामंजी. रोज नवं घातलं तर तो पिकणार कधी?"

"गार पडलं की काय होतं ते मला सांगू नकोस." त्यांचा आवाज चढला नाही. "तिचा हात धरून बसलो होतो. आधी बोटं गार पडली. मी चोळत होतो. चोळलं की जरा ऊब यायची. तुम्ही म्हणालात, सोडा आता."

तसं म्हणणारी थोरलीच होती. तिनंच त्यांची बोटं एकेक करून सोडवली होती, कारण बाहेर माणसं खोळंबली होती. ते तिला आत्तापर्यंत आठवलं नव्हतं.

वाफ दोघांच्या मधून वर जात राहिली.

"पेरणीला खत नसेल तर इथं ट्रक उभा राहील," ती शेवटी म्हणाली. "वाफे जातील. हा ढीग भावोजी फावड्यानं ओढून बाहेर टाकतील. मग गरमही नाही आणि गारही नाही. मी काय करू, तुम्हीच सांगा."

मामंजींनी हात ढिगातून काढला. कोपरापर्यंत काळा, वाफाळलेला हात. तो त्यांनी कुठंच पुसला नाही.

"ती दोन करायची," ते म्हणाले.

"दोन काय?"

"ढीग. एक इथं, एक न्हाणीच्या मागे. एकाला रोजचं घालायची. तो भरला की त्याला हात लावायची नाही, दुसऱ्याला घालायला लागायची."

"मला तर कधी दिसला नाही दुसरा."

"तुझ्या खिडकीतून दिसत नाही तो."

थोरलीनं न्हाणीच्या भिंतीकडे बघितलं. इतकी वर्षं त्या भिंतीच्या मागे कपडे वाळत घालायलासुद्धा ती गेली नव्हती, दोरी इकडच्या बाजूला होती म्हणून.

"मग मला सांगितलं का नाहीत?"

मामंजी गुडघ्यावरची गवताची काडी काढत राहिले. "सांगितलं असतं तर तू ह्याला घालायचं बंद केलं असतंस."

*

न्हाणीच्या मागची जागा त्यांनीच दाखवली. दगड रचून तळ केलेला अजून होता. थोरलीनं जुन्या ढिगाच्या पोटातलं दोन घमेली गरम काढून तिथं घातलं, विरजण लावावं तसं, आणि वर नवे थर रचले. मामंजींनी पाचोळा कुस्करून दिला. दोन दिवसांत नवा ढीग तापला. घरातलं सगळं ओलं आता तिकडं जायचं, आणि ते न्यायचं काम मामंजींचं. अंड्यांची टरफलं ते दगडावर ठेवून बारीक करायचे. "अशीच टाकली तर पुढच्या वर्षीही अशीच सापडतील," ते थोरलीला म्हणाले. आता ते एवढं बोलायचे.

जुन्या ढिगाला कुणी काही घालायचं नाही असं ठरलं होतं. थोरलीनं त्यावर गोणपाट टाकलं. पण रोज सकाळी मामंजी आधी तिथं जायचे, गोणपाट उचलून हात ठेवायचे, आणि मग न्हाणीमागे वळायचे. ती चहा घेऊन उभी असायची. विचारायची नाही.

"आहे अजून," ते सांगायचे.

मग, "आहे थोडा."

मग काही दिवस नुसतीच मान हलायची. ढीग बसत चालला होता, कमरेवरून मांडीपर्यंत, मांडीवरून गुडघ्याशी. साली, पानं, खोक्यांचे तुकडे, काही ओळखू येईना. थोरलीनं पुन्हा दोन फुटक्या डब्यांत बी टाकलं आणि डबे खिडकीत ठेवले. दिवसातून कितीदा तरी ती हात पुसत त्यांच्यासमोर उभी राहायची.

थंडी सरत आली होती तरी सकाळी दव पडत होतं, तेव्हा एका दिवशी मामंजींनी हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग दुसरा हातही ठेवला. दोन्ही हातांनी ते माती चोळत राहिले, हळूहळू, एकाच जागी. थोरलीच्या हातातला चहा निवला. सोडा आता, असं ती या वेळी म्हणाली नाही. पेला खाली ठेवून ती तिथंच उभी राहिली, त्यांना लागेल तितका वेळ.

शेवटी त्यांनी हात झटकले. "चाळण काढ," ते म्हणाले.

*

त्या सकाळी दोघं चाळत असतानाच रस्त्यावर ट्रक थांबला. धाकटा आत आला. ट्रकमध्ये पत्रे होते, त्यांचा खडखडाट बंद व्हायला वेळ लागला.

चाळणीखाली काळा, रवाळ ढिगारा साठला होता. धाकट्यानं थोरलीकडे बघितलं, आबांकडे बघितलं. त्यानं मूठभर उचललं, पिळलं, अंगठ्यानं फोडलं. हात पँटला पुसला. मग पुसलेला हात नाकाशी नेला आणि तसाच थोडा वेळ उभा राहिला.

थोरलीनं खिडकीतला एक डबा आणून त्याच्या हातात दिला. रोपं बोटभर झाली होती, जाड देठांची, काळपट हिरवी.

"दादानं बघितली?"

"पहाटेच सायकल घेऊन गेलेत मळ्यांवर. दुसरा डबा दाखवायला."

धाकट्यानं डबा फिरवून फिरवून बघितला. "आणि हे पत्रे आता कुठं घालू मी?"

"न्हाणीवर टाका, भावोजी. पाऊसभर गळत होती."

"म्हणजे पत्रे माझे आणि न्हाणी तुमची."

"आंघोळ तुम्हीही करताच की. कधीमधी."

मामंजींच्या घशातून हसल्यासारखा आवाज आला. धाकटा त्यांच्याकडे बघतच राहिला, मग पत्रे उतरवायला गेला. थोड्या वेळानं न्हाणीच्या छपरावर त्याची पावलं वाजायला लागली.

शेवटचं घमेलं चाळताना चाळणीवर थोडं उरलं. काटक्या, एक दगड, खोक्याची पिन. आणि त्यांत गुंतलेले केस. सगळं सगळं कुजून काळी माती झालं होतं, आणि ते मात्र लांब, पांढरे, फणीतून आत्ता काढल्यासारखे.

थोरलीचे हात थांबले. मामंजींनी वाकून गुंता उचलला, काटक्या वेगळ्या केल्या, केस तळहातावर घेतले.

"हे तसेच राहिले," ते म्हणाले.

"केसांना वेळ लागतो."

"किती?"

"ठाऊक नाही, मामंजी. लागतो."

त्यांनी मान हलवली. "चाळणीवरचं ती दुसऱ्या ढिगात टाकायची," ते म्हणाले आणि न्हाणीच्या मागे गेले. थोरली काटक्यांचं घमेलं घेऊन त्यांच्यामागे गेली. त्यांनी नव्या ढिगाच्या माथ्यात हातानं जागा केली. आतून वाफेचा लोट आला. केस त्यात ठेवले, वर साली लोटल्या, पाचोळा पसरला.

उतारावर खळगा पडलेला होता, रोजचा. मामंजी त्यात टेकले. मग जरा सरकले.

"बस," ते म्हणाले. "गरम आहे."

इतक्या वर्षांत ढिगाशी बस असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. थोरली बसली. वर पत्र्यावर हातोडा पडत होता. दोघांच्या तोंडांतून वाफ निघत होती, ढिगातूनही निघत होती, आणि डोक्यावर जाऊन ती इतकी मिसळत होती की कुणाची कुठली ते सांगता येत नव्हतं.